दप्तराने कणा वाकडा होत नाही
जड दप्तराने कणा वाकडा होतो असं म्हणतात, ते पटत नाही. दप्तराने पाठ दुखते हे खरं, पण स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, त्याने होत नाही, वयात येणाऱ्या बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही, घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते एवढंच. माझ्या मुलीचं बाराव्या वर्षी कळलं, तेही ड्रेसचं माप घेताना एक खांदा वर दिसला म्हणून. पुढे वाकायला सांगितलं तर एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या, एक्सरेत कण्याचा बाक २८ अंश.

उंची वाढायची बाकी होती म्हणून ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक आधार, दिला. आणि ब्रेसमध्ये तास फार महत्त्वाचे, अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या अभ्यासात दिवसाला १३ तासांच्या वर घालणाऱ्या साधारण ९० टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या, म्हणजे ऑपरेशनची वेळ येते त्या मर्यादेच्या, आत राहिला. तेव्हा मुलांना आत्ताच एकदा वाकवून बघा.