५ किलोची लेन्स, घसरणारं बॉलहेड: आधी पाय बदलू की हेड?

रानपाखरू: ६०० मिमी एफ/४ लेन्स आणि बॉडी मिळून साधारण ५ किलो. ट्रायपॉड आणि बॉलहेड (त्यावरचं, गोळ्यावर फिरणारं कॅमेऱ्याचं हेड) दोन्हींवर '८ किलो' लिहिलंय. तरी फ्रेम लावून हात सोडला की लेन्सचं तोंड खाली येतं, आणि १/६० सेकंदाच्या शटरला फोटो हलतात. आधी काय बदलू?

तिपाई: दोन वेगळी दुखणी आहेत. तोंड खाली येतं ते हेडमुळे, फोटो हलतात ते बहुधा पायांमुळे. त्या ८ किलोवर फार जाऊ नका. क्षमता मोजायची सगळ्यांची एकच पद्धत नाही. शिवाय बॉलहेडवर सगळं वजन बॉलच्या वर असतं, जरा कललं की ओढ वाढत जाते. अशा लेन्सला गिंबल हेडच घ्या, म्हणजे लेन्स पाळण्यात बसवून आडव्या अक्षावर तोलणारं हेड.

पण गिंबल नुसतं लावून भागत नाही, तोल साधावा लागतो. टिल्टची (वर-खाली कलण्याची) कळ एका हाताने लेन्स धरूनच सैल करा. लेन्सखालची प्लेट हेडच्या क्लॅम्पमध्ये (पकडीत) पुढे-मागे सरकवून लेन्स आडवी स्थिर राहील अशी जागा शोधा. मग ३० अंश कलवून हात सैल सोडा. आणखी कलंडली तर ती अक्षाच्या वर बसलीय, पाळणा खाली घ्या. परत आडवी झाली तर वर. प्लेटच्या दोन्ही टोकांचे स्टॉप स्क्रू काढू नका, क्लॅम्प सैल राहिला तर लेन्स तेवढ्यावरच अडते.

वाळूघड्याळ: पायांचं सांगतो. मधला दांडा वर काढला असेल तर आधी तो पूर्ण खाली, नाहीतर घेतलेला सगळा ताठपणा वाया. नवा घेताना दांडा नसलेला, तीन टप्प्यांचा, पायाची वरची नळी ३२ मिमी व्यासाची किंवा जास्त. भिंतीची जाडी तीच असेल तर २८ ऐवजी ३२ मिमी नळी वाकायला जवळपास दीडपट ताठ. उंची कमी करायची तर सर्वांत बारीक टप्पा आधी आत. स्थिरतेसाठी ट्रायपॉडला वजनाची पिशवी लटकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या. वाऱ्यात झुलली तर उलट हादरे देते.

रानपाखरू: दांडा अर्धा वर होता! व्हिडिओही करायचा झाला तर?

तिपाई: मग फ्लुइड हेड, म्हणजे दाट द्रवामुळे संथ फिरणारं व्हिडिओचं हेड. त्याचा काउंटरबॅलन्स (कललेलं वजन पेलणारी स्प्रिंग) ५ किलोला पुरेल असं. गिंबलवर पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) सुरू होताना आणि थांबताना झटका दिसतो.