प्रति: चौदा दिवसांची नोटीस दिली, तरी संप बेकायदा कसा?

वर विचारलंय की बससेवेच्या युनियनने नीट नोटीस दिली, तरी संप बेकायदा का ठरतो. गोम नोटिशीत नसते, समेटात असते, म्हणजे सरकारी अधिकारी दोन्ही बाजूंना बसवून तडजोड घडवायचा प्रयत्न करतो त्यात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात बससारख्या लोकोपयोगी सेवेसाठी संपाची नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हाती पडली की त्याच दिवशी समेट सुरू झाला असं धरलं जाई. समेट चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप नाही. अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, पण समेट संपतो तो अपयशाचा अहवाल सरकारला मिळाल्यावर. अंधेरी-मरोळ-कुर्ला बस सेवेच्या खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: १४ दिवस उलटले म्हणून समेट आपोआप संपत नाही, अहवाल सरकारकडे पोचेपर्यंत तो चालूच. त्याआधी संप केला तर तो बेकायदा. म्हणजे उशीर साहेबांचा, भुर्दंड कामगारांना!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. आता समेट पहिल्या बैठकीच्या तारखेपासून धरतात, म्हणून त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत हातात ठेवाच. नोटीस ६० दिवस चालते, जुनी झाली तर नवी द्या. ५० टक्के किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

समेट फसला की आता औद्योगिक न्यायाधिकरणात (असे वाद निवाडणाऱ्या न्यायपीठाकडे) थेट जाता येतं, सरकारने वाद तिकडे पाठवायची वाट पाहावी लागत नाही. पण व्यवस्थापनही तसंच जाऊ शकतं, आणि प्रकरण तिथे असेपर्यंत व नंतर ६० दिवस संप बंद. हा डाव बऱ्याच युनियनच्या ध्यानातच येत नाही.