मंगोलियात पशुपालक कुटुंबाकडे राहून काम करायचंय : एप्रिल की ऑगस्ट?

सांजवात
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी तीन आठवड्यांची रजा साठवून मंगोलियात एखाद्या भटक्या पशुपालक कुटुंबाकडे राहायला जायचं मनात आहे. गेरमध्ये (त्यांच्या गोल तंबूघरात) एक रात्र झोपून फोटो काढून परत यायचं नाहीये, जनावरांचं काम करायचंय. आजोळी म्हशी होत्या, त्यामुळे धार काढता येते. घोड्यावर कधी बसलेले नाही. शाकाहारी आहे. कधी जाऊ, घर कसं शोधू, आणि माझा त्यांना खरंच उपयोग होईल का?

माळढोक
एप्रिल, डोळे झाकून! मी तेव्हाच गेलो होतो. मेंढ्या-शेळ्या मार्च-एप्रिलमध्ये वितात आणि रात्रंदिवस हात कमी पडतात. गारठलेलं कोकरू गेरमध्ये आणून चुलीजवळ ठेवायचं, पुसून कोरडं करायचं, आईने हुंगलं नाही तर पुन्हा पुन्हा तिच्यापाशी न्यायचं. नाकारलेल्या पिल्लासाठी घरातली आजी मेंढीपाशी बसून एकच सूर आळवत राहायची, आणि थोड्या वेळाने मेंढी पान्हवायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गोबी वाळवंटात उंटिणीसाठी असंच गातात, सोबत मोरिन खूर हे तंतुवाद्य वाजवतात. २०१५ मध्ये युनेस्कोने त्या प्रथेला तातडीने जपायच्या वारशात घेतलं. त्याच सुमारास शेळ्यांची कश्मिरी लोकर लांब दात्यांच्या फणीने विंचरून काढतात. ते काम नवख्यालाही शिकवतात.

खडीसाखर
माळढोक, तुमचा अनुभव सुंदर आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्या ताईंना एप्रिल सुचवू नका, ही कळकळीची विनंती. हिवाळा काढून जनावरं हाडं दिसण्याइतकी उतरलेली असतात, वर धुळीची वादळं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात झूद पडला, म्हणजे बर्फाखाली गवत गाडलं गेलं, आणि ७० लाखांहून जास्त जनावरं दगावली. असा हिवाळा सोसलेल्या घराला एकेक कोकरू मोलाचं. त्या दिवसांत पाहुण्याला शिकवत बसायला कुणाला सवड असते? ऑगस्टमध्ये दूधदुभतं भरपूर असतं आणि तुमचं कसब तिथेच लागणार आहे.

गाई-याकांची धार सकाळ-संध्याकाळ. वासराला आधी लुचू द्यायचं, पान्हा सुटला की ओढून बांधायचं. हे तुम्हाला सांगायला नकोच. शेळ्या समोरासमोर उभ्या करून एकाच दोरीत माना गुंफून ओळीने बांधतात, मग मागून पिळत जायचं. घोडीची धार मात्र दर दोनेक तासांनी, शिंगरू जवळ धरून. त्या दुधाचा ऐराग, म्हणजे आंबवलेलं पेय, दाराशी टांगलेल्या कातडी पिशवीत आंबतो, आणि येताजाता प्रत्येकाने तो घुसळायचा असतो. बाकी शेण वाळवून गोळा करणं, पाणी आणणं, संध्याकाळी कळप वळवणं. सगळं अंगमेहनतीचं, पण हात लावला की घरचे लगेच मोकळे होतात.

११ ते १३ जुलै नादाम हा त्यांचा खेळांचा सण असतो. तेव्हा सगळे शर्यती-कुस्त्यांत गुंतलेले, तो आठवडा टाळा.

पशुवैद्य_रानातला
आरोग्याचं बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही. तिथे ब्रुसेलोसिस आहे, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार. कच्चं दूध, कच्ची साय नको; उकळलेला खारा दूधचहा बिनधास्त प्या. ऐराग उकळलेला नसतो, तेव्हा वाटी दोन्ही हातांनी घ्या, ओठाला लावा, परत द्या. कुणी रागावत नाही. विणाऱ्या जनावराला किंवा विल्यावर पडणाऱ्या वारेला उघड्या हाताने शिवू नका, गरोदर बाईने तर त्या कामाला जाऊच नये. रेबीजची लस निघण्याआधी पूर्ण करा. प्रत्येक गेरला राखणीचे कुत्रे असतात. लांबूनच "नोखोई खोर!" म्हणजे "कुत्रा धरा!" अशी हाक द्यायची आणि थांबायचं. मार्मोट (बिळात राहणारा खारीच्या कुळातला मोठा प्राणी) दिसला तर जवळ जाऊ नका, त्याच्यापासून प्लेग होतो.

सांजवात
खूप आभार! खडीसाखर, ऑगस्टच पटतोय. जेवणाचं काय? आणि पैसे कसे ठरवायचे?

खडीसाखर
जेवण अवघड आहे, खोटं नाही सांगत. मटण आणि चरबी जवळजवळ सगळ्यात. उन्हाळ्यात दही, साय, आरूल म्हणजे दगडासारखं कडक वाळवलेलं दही मिळतं, भात आणि पिठाचे पदार्थही. डाळ आणि मसाला स्वतःचा न्या, आठवड्यातून दोनदा सगळ्यांसाठी शिजवा.

घर राजधानी उलानबातरमधल्या मध्यस्थामार्फतच शोधा. मात्र तीन गोष्टी आधी लेखी विचारा: कुटुंबाच्या हातात किती तुग्रिक (तिथलं चलन) पडतात, घरात जनावरं कोणती, आणि त्या दिवसांत मुक्काम हलवणार आहेत का. पहिल्याचं उत्तर टाळणारा मध्यस्थ सोडून द्या. किमान दहा दिवस एकाच घरी राहा. तीन घरं तीन-तीन दिवस केलीत तर तुम्ही सगळीकडे पाहुण्याच राहाल.

आत शिरताना उंबरठ्यावर पाय नको, मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही. घोड्याकडे नेहमी डावीकडून.

माळढोक
खडीसाखर यांचं मान्य. मी गेलो तेव्हा मला गुरांची सवय होती, ते लिहायचं राहून गेलं.

ताई, एक सांगतो. पहिल्याच दिवशी बादली मागू नका. दोन दिवस वासरं धरा, दोऱ्या सोडा, गाईंना तुमचा वास ओळखीचा होऊ दे. अनोळखी हाताला त्या पान्हा चोरतात, आणि तेवढं दूध त्या घराचं जातं.