तंतुवाद्यांच्या बांधणीत कातड्याचा सरस हवा की आधुनिक गोंद?

रंधा :
तंतुवाद्य बांधताना कातड्यापासून केलेला सरसच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. सरसाने आवाज खुलतो असे अनेकजण सांगतात, परंतु माझा भर त्यावर नसून दुरुस्तीवर आहे. व्हायोलिन कधी ना कधी उघडावे लागतेच. आतला बास बार, म्हणजे वरच्या फळीला आतून चिकटवलेली लांब लाकडी पट्टी, बदलायचा असतो, नाहीतर फळीला गेलेली चीर आतून सांधायची असते. अशा वेळी पातळ, बोथट सुरी कडेच्या सांध्यात सरकवली की जुना सरस कट्‌कट्‌ वाजत तुटत जातो आणि बहुधा लाकडाचा कपचाही न निघता फळी मोकळी होते. वरची फळी बसवताना कारागीर मुद्दाम पातळ सरस लावतात तेही याचसाठी, कारण कोरड्या हवेत लाकूड आक्रसले तर फळी चिरण्याऐवजी सांधा सुटावा.

पटाशी :
व्हायोलिनपुरते मान्य, पण गिटारची फळी सहसा कोण उघडतो? सरसाचे दाणे आधी गार पाण्यात भिजवायचे, मग भांडे गरम पाण्यात ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअस राखायचे, त्याहून फार तापले की त्याचा जोर कमी होतो, आणि एवढे करून लाकडावर लावल्यावर तो मिनिटभरात गोठू लागतो. माझ्या पहिल्या गिटारची घोडी, म्हणजे तारा अडकवण्यासाठी फळीवर चिकटवलेला लाकडी तुकडा, अशीच गेली. क्लॅम्प आवळेपर्यंत सरसावर साय धरली होती. वरून सांधा नेटका दिसत होता, आणि तारा चढवल्यावर तिसऱ्या दिवशी घोडी उखडून आली. खालच्या बाजूला सरस काचेसारखा गुळगुळीत होता, लाकडाचा एक तंतूही त्याला चिकटलेला नव्हता. पिवळा गोंद, म्हणजे सुतारकामाचा तयार मिळणारा आधुनिक गोंद, काही मिनिटांची उसंत देतो आणि दमट हवेत सरसासारखा मऊ पडत नाही.

रंधा :
आपण वर्णन केलेला गुळगुळीत थर लाकूड गार असल्याची खूण आहे. घोडी आणि फळी दोन्ही आधी शेकून घ्यावीत आणि क्लॅम्प कोरडेच लावून एकदा सराव करावा. पोलादी तारांच्या गिटारवर एकूण सुमारे ७० किलोंचा ताण अहोरात्र असतो. अशा ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, पिवळा गोंद हळूहळू सरकतो. नीट वाळलेला सरस कडक राहतो. शिवाय घोडी पुन्हा बसवताना जुन्या सरसावर नवा गरम सरस धरतो, पिवळ्या गोंदाचा मात्र अंश न् अंश खरवडावा लागतो.

कानस :
घोडीबाबत रंधा यांचे म्हणणे मला पटते. मात्र आतल्या ठोकळ्यांना आणि पट्ट्यांना तोच आग्रह कशासाठी, हे उमगत नाही. प्राणिजन्य पदार्थ नको म्हणणाऱ्या वादकाची अडचणही खरी आहे, आणि ती कौशल्याने सुटणारी नाही.

पटाशी :
पुढची घोडी मी लाकूड शेकून सरसानेच बसवून पाहीन. दमट हवेत राहणाऱ्या वाद्याच्या ठोकळ्यांना मात्र पिवळा गोंदच लावेन. ते सांधे मला कधीच उघडायचे नाहीत.