तीन पिढ्या, एक सहल: कोणाच्या सवयीने आरक्षण करायचे?

तिस्क_फोंडा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत फोंड्याहून काशी-प्रयागला आठ माणसे निघणार: आजोबा ७६, आजी ७१, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि कॉलेजात जाणारे दोन नातू. आजोबांचे म्हणणे, आगगाडीच, तीही चार महिने आधी, आणि डबा घरचा. मुलगे म्हणतात, कंपनीकडून मिळणारा प्रवास भत्ता या सहलीला लावू. नातवांचे म्हणणे, शेवटच्या आठवड्यात विमान स्वस्त दिसले की उचलू. तिन्ही पिढ्यांच्या या सवयी कुठून आल्या, आणि आज त्यांतले काय चालते, काय चालत नाही? तारखा आणि नियम धरून सांगाल तर बरे.

लोंढा_जंक्शन
आधी आजोबांचे घेऊ. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ला. त्याआधी गोव्यातून मुंबईला जायचे तर पणजीची आगबोट, जी भाऊच्या धक्क्याला लागायची आणि पावसाळ्यात बंद असायची. नाहीतर वास्को–कुळे–कॅसलरॉक–लोंढा असा मीटरगेजचा घाट चढून मिरजेला गाडी बदलायची. जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस मोडत, म्हणून सुट्टी महिन्याची असे आणि मुक्काम आजोळी किंवा कुलदेवतेच्या अग्रशाळेत (देवळाच्या आवारातल्या धर्मशाळेत). चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

त्या पिढीच्या होल्डॉलचेही, म्हणजे अंथरूण गुंडाळून नेण्याच्या पिशवीचेही, कारण आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असत. त्यांवर फोमची गादी आली ती मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ ते ७९च्या दरम्यान. संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८६ला आले, घरबसल्या तिकीट २००२पासून. त्याआधी परतीच्या बर्थसाठी निघण्याच्या स्थानकावरून तार जाई आणि उत्तर येईपर्यंत काहीच खात्रीचे नसे. म्हणून आजोबा आधी परतीचे विचारतात. ही त्यांची सवय आजही पाळण्यासारखी आहे: परतीचे तिकीट पक्के झाल्याशिवाय राहण्याचे पैसे भरू नका.

रुळावरचा
चार महिने मात्र विसरा. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० नव्हे तर ६० दिवस, प्रवासाचा दिवस सोडून. खिडकी सकाळी ८ला उघडते. दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून. गाडी मध्यरात्रीनंतर तुमच्या स्थानकावर येत असेल तर आरक्षण एक दिवस आधीच उघडते. परतीच्या तिकिटात बहुतेक जण इथेच चुकतात.

आता गोव्याच्या घरासाठी महत्त्वाचे. भाद्रपदातल्या चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) दिवाळीची अमावस्या साधारण ५५ दिवसांवर येते (अधिक आश्विन नसेल तर). म्हणजे दिवाळीनंतर चार-पाच दिवसांनी निघायचे तर आरक्षण बरोबर चवथीच्या सकाळी उघडते. २०२६चेच बघा: चवथ १४ सप्टेंबरला, ६० दिवसांनी १३ नोव्हेंबर. घरात माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची चौकट) बांधून झालेली, पूजेची घाई, आणि त्यातच आठ वाजतात. कोण बसणार ते आदल्या रात्री ठरवा. आरक्षण उघडते त्या दिवशी ऑनलाइन तिकिटासाठी खाते आधारशी पडताळलेले लागते. तेही काम ऑगस्टमध्येच उरका, कारण एका अक्षराने नाव जुळले नाही तरी पडताळणी अडते.

खालचा बर्थ: ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा कोटा असतो, शयनयानात डब्यामागे ६-७, थ्री एसीत ४-५, टू एसीत ३-४. पण तो एकट्या प्रवाशाला किंवा अशा दोघांनाच मिळतो. त्याच तिकिटावर तरुण माणूस घातला की यंत्रणा कोटा पाहतच नाही. आजी-आजोबांना "सोबत हवी" म्हणून सगळ्यांच्या तिकिटात घालतात आणि मग ७६ वर्षांच्या माणसाला मधला बर्थ येतो. म्हणून दोन तिकिटे: आधी आजी-आजोबांचे, मग उरलेल्या सहांचे (एका तिकिटावर सहाच बसतात). दुसऱ्या वेळी 'पसंतीचा डबा' या रकान्यात पहिल्या तिकिटावरचा डबा लिहा. आणि ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२०पासून बंद आहे, ती धरून खर्च मांडू नका.

गाडी: वास्को–पाटणा आठवड्यातून एकदाच, मडगावला थांबते, दोन रात्रींचा प्रवास. दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला उतरायचे (जुने मुगलसराय), तिथून काशी रस्त्याने सोळा-सतरा किलोमीटर. आठवड्याला एकच गाडी, म्हणून घरच्यांनी आधी तारीख ठरवून मग गाडी शोधू नये. गाडीचा वार बघा, तारीख त्यावरून.

तत्काळवर आठ माणसे टाकू नका. तिथे तिकिटामागे चारच, खालच्या बर्थचा कोटा नाही, आणि पक्के तिकीट रद्द केले तर परतावा नाही.

हिशेबनीस
मधल्या पिढीची दर चार वर्षांनी "मोठी सहल" ही सवय बरीचशी या भत्त्यामुळेच लागली. करसवलत चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना. चालू गट २०२६–२९. २०२२–२५मधला एक प्रवास उरला असेल तर तो २०२६मध्ये चालतो. ही सवलत जुन्या करप्रणालीत आहे. नवी प्रणाली निवडली असेल तर तिकिटे जपून उपयोग नाही.

फक्त भाडे धरतात. हॉटेल, जेवण, काशीतली नाव, तिथली टॅक्सी यांतले काहीच नाही. मर्यादा जवळच्या मार्गाच्या भाड्याची: विमानाने गेलात तर इकॉनॉमी. आईवडील मोजले जातात, पण ते त्या मुलावर मुख्यतः अवलंबून असतील तरच. आजोबांना चांगले निवृत्तिवेतन असेल तर त्यांचे भाडे दाव्यात घालू नका. सासूसासरे या व्याख्येत येत नाहीत. आणि पगारदाराने स्वतः रजा घेऊन प्रवास करायला हवा, बायकामुलांना पाठवून चालत नाही.

म्हणूनच रुळावरचा यांच्या सहाच्या तिकिटाशी मी सहमत नाही. दोन भाऊ वेगळ्या कंपन्यांत असतील तर एका तिकिटावर दोन कुटुंबांचे एकत्र भाडे येते आणि लेखा विभाग दोघांनाही खुलासा मागतो. २+३+३ करा. विमान असेल तर बोर्डिंग पास जपा, नुसते तिकीट अनेक ठिकाणी पुरत नाही.

रुळावरचा
मान्य. फक्त तीन तिकिटे एकामागून एक काढताना तिसऱ्याला वेगळा डबा येऊ शकतो. तीन खात्यांवरून एकाच वेळी काढली तर निदान वेळ वाचतो, पण मग एकाच डब्याची हमी राहत नाही. आजी-आजोबांच्या डब्यात एक कुटुंब तरी हवेच, एवढे बघा.

मोपा_की_दाबोळी
नातवांच्या बाजूने थोडे. दोन-तीन दिवसांच्या सुट्टीला शेवटच्या क्षणी तिकीट काढणे पाठीवरची पिशवी घेऊन जाणाऱ्या दोघांना जमते, आठ जणांना नाही. कारण असे: विमानात स्वस्त दराच्या जागा मोजक्या असतात. आठ जागा एकत्र मागितल्या आणि त्या दरात पाचच उरल्या असतील तर यंत्रणा आठही जागांना वरचा दर लावते. आधी आठांचा भाव बघा, मग दोघांचा. फरक मोठा असेल तर तिकिटे तोडून काढा.

दुसरी सवय म्हणजे दोन कंपन्यांची सर्वांत स्वस्त तिकिटे जोडणे. एका तिकिटावर दोन उड्डाणे असतील तर सामान पुढे जाते आणि पहिले विमान उशिरा आल्यास कंपनी पुढची सोय करते. वेगळी तिकिटे असतील तर सामान उतरवून पुन्हा द्यायचे, आणि चुकले तर नवे तिकीट आपल्या खिशातून. वडीलधारे बरोबर असताना हे करू नका.

विमानतळ तपासा, गोव्यात दोन आहेत. दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झाल्यापासून शोधात दोन्ही एकत्र दिसतात आणि जाताना एक, येताना दुसरा असे तिकीट निघते. गाडी विमानतळावर ठेवून जाणाऱ्यांचे मग हाल होतात.

व्हीलचेअर निदान ४८ तास आधी नोंदवा. सुके खोबरे विमानात नेऊ नका, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरले जाते. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. गंगेच्या पाण्याचा गडू झाळून बंद केलेला घ्या आणि चेक-इनच्या सामानात टाका.

रांदण
घरच्या डब्याची सवय सोडू नका. दोन रात्रींत घरचे खाल्लेले पोट काशीत ठणठणीत राहते. दशम्या करा: एक किलो कणकेला साधारण अर्धा लिटर दूध, दोन चमचे तेल, मीठ, पाणी अजिबात नाही. पंचवीसेक होतात, आठ जणांची एक वेळ आरामात भागते, म्हणून दोन किलो भिजवा. भाजल्यावर प्रत्येक दशमी कापडावर पूर्ण गार करून मगच रचा. गरम रचल्या की वाफेचे पाणी धरते आणि दुसऱ्या दिवशी तार सुटते. सोबत लसणीची कोरडी चटणी, सुक्या खोबऱ्याची, आगगाडीत ते चालते. ओला नारळ घातलेले काही असेल तर ते मडगाव सोडल्यावर पहिल्या रात्रीच संपवा.

तिस्क_फोंडा
खूप उपयोग झाला. जाताना आगगाडी आणि येताना विमान, असे ठरतेय. एकच शंका: चवथीच्या सकाळी प्रतीक्षा यादी लागली तर थांबावे का?

रुळावरचा
यादी कोणती ते बघा. गाडी वास्कोहून सुटते आणि तुम्ही मडगावहून लांबचा प्रवास करताय, म्हणून बहुधा सर्वसाधारण यादी, जीएनडब्ल्यूएल, येईल. ती सर्वांत जास्त सरकते. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्थानकांची सामाईक यादी, ती कमी सरकते. तारीख बदलता येत असेल तर त्यावर थांबू नका. ऑनलाइन तिकीट तक्ता (बर्थची अंतिम यादी) लागेपर्यंत पूर्ण प्रतीक्षेत राहिले तर आपोआप रद्द होते, त्यावर गाडीत चढता येत नाही. तिकीट काढताना 'पक्का बर्थ मिळाला तरच आरक्षण करा' हा पर्याय निवडा आणि पुढच्या आठवड्याची तारीख कागदावर तयार ठेवा. तिचे आरक्षण बरोबर सात दिवसांनी, सकाळी आठला उघडेल.