मोत माउलीची टेकडी : तुमचे अनुभव लिहा

8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी मोत माउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची, जत्रा सुरू होते आणि आठवडाभर टेकडी माणसांनी फुलून जाते. जत्रेतले असोत की एरवीचे, तुमचे अनुभव इथे लिहा. सुरुवात मी करते.

मी सात वर्षांची असताना बाबांचा हात कारखान्यात यंत्रात सापडला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माउलीला मेणाचा हात बोला." आम्ही मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणारी माणसं, पण आईनं लगेच नवस बोलला. चर्चबाहेरच्या दुकानात मेणाचे हात, पाय, घरं, बाळं ओळीनं मांडलेली होती. हात मीच धरणार म्हणून हट्ट केला. रांग सरकेपर्यंत मेण मऊ पडलं आणि त्यावर माझी बोटं उमटली. नवस बिघडला म्हणून मी रडायलाच लागले. आई म्हणाली, "असू दे. कुणी आणलाय ते तिला कळेल."

बाबांची दोन बोटं गेली, हात वाचला. खूप वर्षांनी वाचलं, की 1700 साली समुद्री लुटारूंनी माउलीच्या मूर्तीचाच उजवा हात तोडला होता. आता दर्शनाला गेले की नजर आधी तिथेच जाते.

कोळीवाड्याची लेक : आमची आजी सांगायची, मूर्ती आमच्याच माणसाला दर्यात गावली, आधी स्वप्नात दिसली आणि मग जाळ्यात. आजची इमारत 1904 ची, पण आमचं नातं त्याहून जुनं. घरात गणपती, होळीला पालखी आणि माउलीला हार. यात वेगळं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

चणेवाला : जत्रेत रविवार टाळा, मधल्या वारी सकाळी लवकर जा. वांद्रे स्टेशनहून बेस्टच्या जादा बस असतात. परतताना कडियो-बोडियो ही जत्रेतली मिठाई आणि भाजलेले काळे चणे घ्याच.

रात्रपाळी : मी जत्रेला कधीच गेलो नाही. आई जवळच्या एका रुग्णालयात होती, अकरा दिवस. दुपारी भेटीची वेळ संपली की पाय आपोआप टेकडी चढायचे. आत मागच्या बाकावर बसायचो. प्रार्थना येत नव्हती, म्हणून रामरक्षाच पुटपुटायचो. मग समोरच्या पायऱ्यांच्या माथ्यावर यायचो. खारा वारा यायचा, झाडांआडून समुद्र दिसायचा.

एका संध्याकाळी तसाच खाली किल्ल्यापर्यंत गेलो. सागरी सेतूचे दिवे लागत होते, पलीकडे वरळीच्या इमारतींमध्ये एकेक खिडकी उजळत होती. त्यातल्या कितीतरी घरांत या वेळी कुकरच्या शिट्ट्या होत असतील, असं मनात आलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. बसस्टॉपजवळ दोन वडापाव खाल्ले आणि आईसाठी मोसंबी घेऊन परत गेलो.