माजघरात रेडॉन मोजायचा आहे, कसा मोजू? (अमळनेरकडचं जुनं धाब्याचं घर)

बोरीकाठची लेक:
नमस्कार. आमचं घर अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात आहे. आजोबांनी बांधलेलं धाब्याचं घर, काळ्या दगडाचं जोतं, दीड हात जाड मातीच्या भिंती, माजघरात शहाबादी फरशी. गेल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा नानांसाठी माजघरात एसी बसवला. मिस्त्रीने तेव्हा एकुलता एक झरोका आणि दाराखालची फट बुजवून टाकली. नाना आता दिवसाचे पंधरा-सोळा तास त्याच खोलीत असतात.

आई चार वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिने तंबाखूला, मिशरीला कधी हात लावला नाही. ती याच माजघरात झोपायची. धाकटा भाऊ अमेरिकेत आयोवाला असतो. तिथे घर घेताना त्याने रेडॉनची तपासणी करून घेतली. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. लिटरभर हवेत ४ पिकोक्युरी (रेडॉन मोजायचं एकक) निघाले की दुरुस्ती करा असं तिथलं सरकार सांगतं, त्याच्या तळघरात ७ निघाला. मग फरशीखालून पाइप काढून वर पंखा बसवला. फोनवर हे सांगता सांगता तो गप्प झाला, मीही गप्प झाले.

फरशीला दोन ठिकाणी तडे आहेत. कोपऱ्यात जुनं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) आहे, नुसत्या फळ्या टाकून झाकलेलं. कशाने मोजू, कुठे ठेवून मोजू?

काळा कातळ:
ताई, मी धुळ्याला भूगर्भशास्त्र शिकवायचो. जमिनीतल्या युरेनियमचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. तो वायू असल्याने मातीतून, फटींतून वर येतो. आपल्याखाली दख्खनचा बेसाल्ट आणि नदीकाठाला त्यावर गाळ. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी असतं. आयोवाची माती हिमनद्यांनी आणून टाकलेली, तिथल्या ९९ च्या ९९ काउंट्या (जिल्हे) रेडॉनच्या सर्वाधिक जोखमीच्या गटात आहेत. तेव्हा भावाच्या घरावरून तुमच्या घराचा अंदाज बांधू नका.

पण कोंडलेल्या खोलीत थोडाही साचतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. आणि पेव म्हणजे जमिनीतल्या हवेला घरात यायला उघडी वाट. मोजायला म्हणून त्यात कुणालाही उतरू देऊ नका! बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस आत गेला की शुद्ध हरपते. हे आधी घरात सगळ्यांना सांगा.

फिल्मवाला:
एमएस्सीला असताना आम्ही घरोघर डोसीमीटर टांगले होते. छोट्या डबीत एलआर-११५ फिल्मचा तुकडा असतो, तीन महिने टांगायचा. रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांच्या खुणा तिच्यावर उमटतात, त्या कॉस्टिक सोड्यात उघड करून मोजायच्या. जवळच्या विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात विचारून पाहा. रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबीही मिळते, ती लॅबला पाठवायची, पण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. खेड्यातून कुरिअर लॅबला पोचेपर्यंत आकड्यात अर्थ राहत नाही.

भावाला इलेक्ट्रॉनिक मीटर पाठवायला सांगा. नाना झोपतात तिथेच, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. खिडकी-दारापासून आणि एसीच्या झोतापासून लांब, स्वयंपाकघरात नको. पहिल्या दिवसाचा आकडा धरू नका, सरासरी बघा. १ पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेकरेल (दुसरं एकक) प्रति घनमीटर, म्हणजे अमेरिकेची मर्यादा १४८ झाली. जागतिक आरोग्य संघटना १०० म्हणते, आणि ते शक्य नसेल तरी ३०० च्या वर नको.

पारोळ्याची सिस्टर:
ताई, एक विचारते, रागावू नका. आईंनी किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केला? मी वॉर्डात अशा कितीतरी बाया पाहिल्या, बिडी न ओढलेल्या, पण कपाशीच्या काठ्यांच्या धुरात जन्म गेलेल्या. रेडॉनने कॅन्सर होतो हे खरंच आहे, १९८८ पासून तो कॅन्सरकारक म्हणून नोंदला आहे. पण तुमच्याच लिहिण्यात आहे, झरोका गेल्या उन्हाळ्यात बुजवला. आई होत्या तेव्हा तो उघडा होता. एसी तुम्ही नानांच्या मायेपोटीच लावला. मीटर नानांसाठी लावा, आईंचं उत्तर त्यात शोधू नका.

बोरीकाठची लेक:
सिस्टर, तुमचं वाचून रडले. चूल पस्तीस वर्षं होती. झरोक्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भावाने मीटर पाठवलं. सगळं बंद ठेवून अकरा दिवसांची सरासरी १३२ बेकरेल आली. मग फळ्या काढून, कुणालाही आत न उतरवता, पेव वरूनच मुरूम टाकून भरलं आणि तोंडावर काँक्रीट केलं. फरशीचे तडे सिमेंटने भरले. झरोका मोकळा केला, जाळी लावली. नाना कुरकुरले, गारवा जातो म्हणून. आता पहाटे एसी बंद करून दोन तास दार उघडं ठेवतो. गेल्या दोन आठवड्यांची सरासरी ४४ आहे. थंडीत दारं लागतील तेव्हा पुन्हा तीन महिने मोजणार आहे, तो आकडाही इथे लिहीन.